पांढरी एक आणि टेरी रायली

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज गप्पा टेरी रायलीच्या. १९३५ साली कॅलिफोर्नियात जन्मलेला कंपोझर. लोक त्याला मिनिमलिझमवाला (म्हणजे छोटे सुरांचे तुकडे पुन्हापुन्हा घोळवत संगीत उभं करणारा) म्हणतात, पण मला विचाराल तर हा माणूस मुळात जॅझवाला, आणि ते कधी सुटलंच नाही.

बर्कलेला शिकत असताना खर्च भागवायला हा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बारमध्ये रॅगटाइम (जॅझच्या आधीची ठेक्याची शैली) पियानो वाजवायचा. मग १९६३ला पॅरिसमध्ये एका नाटकासाठी ट्रम्पेटवाला चेट बेकर आणि त्याच्या बँडचं वाजवणं टेपवर घेतलं, आणि फ्रेंच रेडिओचा एक टेक्निशियन (म्हणजे आपल्याच बिरादरीतला!) त्याने दोन टेपरेकॉर्डर जोडून दिले, एकावर रेकॉर्ड होतंय, तीच टेप पुढे दुसऱ्यावर जाऊन थोड्या उशिराने वाजतेय, असं सुरावर सूर चढत जातं. तिथून घरी परतला आणि एकदा बसने त्याच बारच्या ड्युटीला जाताना डोक्यात एक धून आली. १९६४चं 'इन सी' ते हेच. सी म्हणजे आपली पेटीवरची पांढरी एक. एका पानावर ५३ छोटे तुकडे, कितीही वादक, कुठलंही वाद्य, प्रत्येकाने एकेक तुकडा वाटेल तितक्या वेळा घोळवायचा आणि मग पुढे सरकायचं, फक्त आजूबाजूला कान ठेवायचे. लिहून दिलंय खरं, पण वाजवताना निर्णय वादकाचा. आता हा जॅझचा संस्कार नाही तर काय?

नंतर जॅझचा सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन ऐकून सोप्रानो सॅक्सोफोन उचलला. १९७१ला 'द हू' बँडने एका गाण्याला मेहेरबाबा आणि रायली अशी दोन नावं जोडून 'बाबा ओ'रायली' नाव दिलं, म्हणजे आपल्या नगरचं नाव पण निघालं बघा.

पण मला खरं भारी वाटतं ते १९७०चं. 'इन सी'ची रेकॉर्ड बाजारात, नाव झालेलं, वय पस्तीस, आणि हा गृहस्थ पंडित प्राणनाथांसमोर सा लावायला बसला. प्राणनाथ किराणा घराण्याचे गायक, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, आपल्या हिराबाई बडोदेकर ज्यांच्याकडे शिकल्या तेच हे खाँसाहेब. १९९६ला गुरू गेले तोवर शिकणं चालूच होतं. मधल्या काळात मिल्स कॉलेजमध्ये शिकवलं, तिथेच क्रोनोस क्वार्टेट (व्हायोलिन-चेलोवाल्या चौघांचा गट) भेटलं, त्यांच्यासाठी ढीगभर लिहिलं. व्हायोलिनवाल्यांना हवं तसं सगळं नोटेशन मांडून द्यायचं म्हणजे याच्यासाठी शिक्षाच असणार असं आपलं मला वाटतं!

२०२०पासून मुक्काम जपानात, तिथे तो राग शिकवतो.

बरं, माझं बोलणं पुरे. 'इन सी' लावतोय. घरात पेटी असेल तर पांढरी एक दाबून धरा, सूर जुळतो का बघा.