साचलेल्या पुस्तकांचा वर्षभराचा हिशेब

अध्यक्ष महाराज, ग्रंथपाल मंडळी आणि वाचकहो,

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०२० साली उस्मानाबादला आणि २०२२ साली उदगीरला भरले होते. तिथल्या ग्रंथदालनांतून पिशव्या भरून पुस्तके आणणारे अनेकजण या सभागृहातही असतील. त्यांतली किती वाचून झाली, हे मात्र मी विचारणार नाही. ही साचलेली पुस्तके एका वर्षात, पाडव्यापासून पाडव्यापर्यंत, कशी मार्गी लावावीत, एवढाच आजचा विषय आहे.

आधी हिशेब करू. तासाला २५ पाने वाचणारा माणूस रोज अर्धा तास बसला, तर वर्षाला सुमारे ४,५०० पाने, म्हणजे २०० पानांची २२ पुस्तके होतात. लग्नसराई, आजारपण आणि पाहुणे वजा केले की १५ उरली तरी पुष्कळ. कपाटात १०० पुस्तके असतील, तर वाचण्याआधी निवडणे आले, आणि खरे अवघड काम तेच आहे. शब्दकोश आणि जिल्ह्याचे गॅझेटियर यांना न वाचलेल्यांत धरूच नये, कारण ती अडल्यावर उघडायची पुस्तके आहेत. सत्कारात शालीबरोबर आलेल्या पुस्तकांचा निर्णय मी ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर सोडतो.

‘यंदा ५० पुस्तके’ असा आकड्याचा संकल्प मला मान्य नाही. आकडा गाठायचा म्हटला की हात बारीक पुस्तकाकडे जातो आणि ज्या जाड ग्रंथांमुळे कपाट अडले आहे, ते तसेच राहतात. त्यापेक्षा आपली पारायणाची रीत शहाणपणाची आहे. जालना जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थांच्या दासबोधात २० दशक आणि प्रत्येक दशकात १० समास आहेत. रोज एक समास वाचला तर सात महिन्यांच्या आत ग्रंथ पुरा होतो, आणि वाचणाऱ्याला तो किती जाड आहे याची धास्ती वाटत नाही. जाड कादंबरीचे किंवा आत्मचरित्राचेही असेच रोजचे वाटे पाडावेत, आणि ते संपेपर्यंत नवे पुस्तक विकत घेऊ नये. हा दुसरा नियम पहिल्यापेक्षा कठीण आहे, हे विक्रेत्यांची क्षमा मागून सांगतो.

वाटे पाडताना आपले ऋतू ध्यानात ठेवावेत. शेतीच्या घरात पेरणीच्या आणि सोयाबीन काढणीच्या दिवसांत लांब कादंबरीचा धागा तुटतो, तेव्हा कविता किंवा लेखसंग्रह हाताशी असावा. जाड ग्रंथ मे महिन्याच्या दुपारींसाठी राखावेत, कारण त्या वेळी उन्हात कुणी बोलावत नाही.

एखादे पुस्तक ५० पानांनंतरही धरून ठेवत नसेल, तर ते निःशंकपणे बाजूला काढावे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे सूत्र ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडले. तो वाचक आपणच असले पाहिजे, असे त्यात कुठेही नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली चालणारी ‘ड’ वर्गाची, म्हणजे लहान, वाचनालये आपल्या गावोगावी आहेत. मात्र तिथे पोते नेऊन टाकण्याआधी ग्रंथपालांना यादी दाखवावी, कारण आलेले प्रत्येक पुस्तक त्यांना दाखल नोंदवहीत चढवावे लागते, आणि जुनी गाईडे त्यांच्याकडेही पुरेशी आहेत.