मंगळवार पेठेतलं परडं

(मे महिना. परड्यातल्या छपराला टांगलेला वाळका दोडका.)

हा दोडका दिवाळीपासून इथं टांगलेला आहे. वेलावर असतानाच आईनं त्याच्या देठाला लाल दोरा बांधला होता, कुणी भाजीला तोडू नये म्हणून. आता तो कानाशी धरून हलवला की आतलं बी खुळखुळतं. टोकाचं झाकण उडवून उलटा केला की काळं बी ओंजळीत येतं. त्याला बंबातली चाळलेली राख लावायची आणि पाऊस सुरू होईपर्यंत डबा बंद.

आमचं परडं वीस फूट बाय पंधरा फूट. मागं विहीर नाही, नळाचं पाणी आहे. पण कोल्हापूरची हवा अशी की बारा महिन्यांत एकही महिना जमीन रिकामी राहत नाही. थंडी बोचते, पण पिकं करपवणारं हिव इथं पडत नाही. उन्हाळा तापतो आणि मधेच वळीव येऊन सगळं निववून जातो. इथं परडं जपायचं म्हणजे पाणी जपायचं. चार महिने ते मुळांपासून लांब ठेवायचं, आठ महिने मुळांपाशी धरून ठेवायचं.

(जून. गादीवाफे, मधल्या सरीतून वाहणारं पाणी.)

मृग साधारण ७ जूनला लागतो. माझी घाई तेव्हाच सुरू होते आणि आई म्हणते, "थांब की जरा. चार सरी पडू देत. माती आतपर्यंत भिजू दे." पहिल्या वर्षी मी थांबले नव्हते. सपाट वाफ्यात टोमॅटोची रोपं लावली. आर्द्रा लागली, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, मग पुष्याचा म्हातारा पाऊस. आमची काळी माती पाणी सोडीना. पानं पिवळी पडली. मी उन्हाची वाट बघत बसले. रोप उपटून बघितलं तर मुळं तपकिरी, बोटानं दाबली की साल निघून येत होती. तेव्हापासून वीतभर उंच गादीवाफे करते, आणि पावसाळ्यात टोमॅटो लावतच नाही. तो हंगाम वेलांचा: दोडका, कारलं, पडवळ, काकडी. कोपऱ्यात नळाच्या निचऱ्यावर अळू, त्याला मात्र ओल कितीही चालते.

नदीकाठच्या पेठांचं दुःख वेगळं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांच्या धोका पातळीवर गेली की तिथली माणसं परड्याकडं बघत नाहीत, सामान माळ्यावर टाकतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आत्याच्या परड्यात कित्येक दिवस पाणी उभं होतं. ओसरल्यावर गाळाचा थर वाळून फरशीसारखा तडकला. तिनं तो कुदळीनं फोडला, शेणखत मिसळलं आणि हिवाळ्यात त्याच जागी मेथी टाकली. त्या मेथीची पहिली जुडी तिनं आमच्याकडं पाठवली होती. ती निवडताना आई बराच वेळ गप्प होती.

(भाद्रपद. दोडक्याच्या मांडवाखाली.)

हा दोडका बघा. एका बाजूला वाकडा झालाय, आणि वाकलाय तिथं सुईच्या टोकाएवढा डाग आहे. फळमाशीनं सालीखाली अंडी घातली. आत अळ्या असणार. असं फळ कोपऱ्यात भिरकावलं की अळ्या मातीत उतरतात, तिथंच कोष करतात आणि पुन्हा माश्या होऊन वर येतात. म्हणून आम्ही किडकी फळं रोज वेचतो, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात टाकतो. मांडवाला कामगंध सापळा लावलाय. त्याच्या वासानं नरमाश्या येतात आणि आत अडकतात. औषध मारण्यापेक्षा हे काम किचकट आहे, पण पोरं याच मांडवावरची काकडी तोडून तिथंच खातात.

गौरीला तेरडा याच परड्यातला लागतो. पुढं हस्ताचा पाऊस, हादग्याची गाणी, आणि कुंपणावरच्या हादग्याला पांढरी फुलं. मधला दांडा काढून त्यांची भाजी करतात. थोडी कडवट लागते. मला फार आवडते.

(डिसेंबर. दव.)

आता आमचा खरा हंगाम. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करायच्या, मग पेरायचे. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबीर आठ-दहा दिवस वाट बघायला लावते. टोमॅटो आत्ता. रात्र गार असली की फूल गळत नाही, फळ धरतं. वांगी, घेवडा, पावटा, गाजर. भोगीच्या भाजीत परड्यातलं किती पडलं हे आई दर वर्षी मोजते. यंदा बाजारातून फक्त हरभऱ्याचे घाटे आणि बोरं आणली.

याच दिवसांत मोगऱ्याला ताण द्यायचा. पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, जीव तुटतो, तरी द्यायचं नाही. मग छाटणी करून उरलेली पानंही काढायची, आळं उकरून शेणखत भरायचं आणि पोटभर पाणी द्यायचं. काही दिवसांत काड्यांवर नवी फूट दिसते.

(एप्रिल.)

गळीत हंगाम संपतासंपता करवीर तालुक्यातल्या मामाच्या रानातून दोन पोती उसाचं पाचट, म्हणजे वाळका पाला, येतं. शेतात ते पेटवून देतात तेव्हा मला वाईट वाटतं, कारण इथं त्याच्या चार बोटं थरावर आमचा उन्हाळा निघतो. भर दुपारी हात घालून बघा. वर चटका बसतो, खाली माती ओली.

दिवस कलताना आभाळ भरून येतं. पोरं गारा पडणार म्हणून अंगणात धावतात. आई वाटी आणि ओला पंचा घेऊन मोगऱ्याकडं जाते. वळवाचं पाणी बसलं की कळ्या तांबूस पडतात. पहिला थेंब पडायच्या आत सगळ्या काढून व्हायला हव्यात.