एका डब्याएवढं सरकलेलं स्टेशन

(दृश्य: टोरांटो, एग्लिंटन स्टेशन. सकाळचे साडेआठ. फलाटावर जाड जाकिटांची गर्दी.)

टोरांटोची गर्दी बघायची तर हिवाळ्यात बघा. माणसं तेवढीच असतात, पण प्रत्येकाच्या अंगावर गादीएवढं जॅकेट, पाठीला सॅक, पायात ढोपरापर्यंत बूट, त्यामुळे उन्हाळ्यात चार जण उभे राहतात तिथे तीनच मावतात. आता हा फलाट बघा. मधोमध एकच फलाट आणि दोन्ही बाजूंना रूळ, उत्तरेची गाडी इकडे, डाउनटाउनची तिकडे, आणि दोन्हींतून उतरलेले लोक त्याच जिन्यांकडे वळणार.

स्टेशन 1954 सालचं. 30 मार्चला कॅनडातली पहिली सबवे सुरू झाली, युनियन ते एग्लिंटन, 12 स्टेशनं, त्यातलं हे शेवटचं. 1973 पर्यंत गाडी इथेच संपायची. तेव्हाच्या लोकांनी लांबीत कंजुषी केली नाही हां, फलाट 500 फुटांचा, आजची सहा डब्यांची गाडीसुद्धा निवांत मावते. अडतं ते जिन्यांपाशी. एका गाडीतली माणसं वर जायच्या आत दुसरी गाडी आली की मागचे अजून पहिल्या पायरीलाच असतात, त्यात पुढचे येऊन मिसळतात, आणि मग कोणीतरी फोन बघत मध्येच थांबतो. असतोच तसा एक.

आणि नेमक्या ह्या स्टेशनाच्या पोटाखाली अजून एक लाइन आणायची होती.

(दृश्य: एग्लिंटन अव्हेन्यूचा नकाशा, पश्चिमेकडून पूर्वेकडे.)

लाइन 5. लाइट रेल, म्हणजे जराशी ऐटबाज ट्रामच म्हणा. माउंट डेनिस ते केनेडी, 19 किलोमीटर, 25 थांबे, त्यातले 15 जमिनीखाली. ह्या रस्त्याचं नशीब आधीपासूनच विचित्र. 1994 मध्ये इथे सबवेसाठी खणायला घेतलं, 1995 मध्ये सरकार बदललं, आणि खणलेला खड्डा चक्क परत माती टाकून बुजवला. 2007 मध्ये महापौर डेव्हिड मिलर यांनी लाइट रेलचा प्लॅन आणला, 2010 मध्ये रॉब फोर्ड महापौर म्हणून निवडून आले आणि म्हणाले रद्द, मग पुन्हा वाटाघाटी, आणि 2011 मध्ये एकदाचं काम सुरू. तारीख दिली 2020 ची. ह्या तारखेवर पुढे येतोच.

लोक विचारायचे, नवी गाडी जुन्याच रुळांवर का नाही सोडत? एक तर जुनी लाइन उत्तर-दक्षिण, नवी पूर्व-पश्चिम. आणि दुसरं म्हणजे टोरांटोच्या सबवेचं गेजच जगावेगळं, दोन रुळांमध्ये 1495 मिलिमीटर, आणि नव्या लाइनचं 1435, जगात बहुतेक ठिकाणी असतं तेच. म्हणजे ह्या रुळावरची गाडी त्या रुळावर जाणं शक्यच नाही. दोन लाइनी जोडायच्या त्या माणसांनी, स्वतःच्या पायांनी, जिना उतरून.

बोगद्याचं काम तसं सरळ होतं. चार मशीन आणली, डेनिस, ली, डॉन आणि हंबर अशी नावं ठेवलेली. वाटेत ॲलन रोडला जुनी सबवे आडवी आली तर मशीन क्रेननं बाहेर काढलं, रस्त्यावरून पलीकडे नेलं, परत जमिनीत सोडलं. यंग स्ट्रीटला, म्हणजे आपल्या ह्या स्टेशनापाशी, ही पळवाट नव्हती, कारण इथे नुसतं पलीकडे जायचं नव्हतं, बरोबर खालीच स्टेशन बांधायचं होतं.

(दृश्य: छेद दाखवणारं ॲनिमेशन. वर रस्ता, मध्ये जुनी लाइन, खाली रिकामी जागा.)

जुनं स्टेशन म्हणजे रस्त्याखाली थोड्याच खोलीवर पुरलेली काँक्रीटची लांबलचक पेटी. तिच्या खालची माती काढायची, पण त्याआधी तिचं वजन नव्या खांबांवर आणि तुळयांवर घ्यायचं, थोडं खणायचं, पेटी हलली का मोजायचं, परत थोडं खणायचं. आणि वरून गाड्या चालूच. वरच्या मजल्यावर लग्न रंगात आलंय आणि आपण तळमजल्याच्या भिंती काढतोय, असा सगळा प्रकार. त्यात 2020 च्या सुरुवातीला सांगण्यात आलं की जुन्या बांधकामात आधीपासूनचा एक दोष सापडलाय, आधी तो निस्तरावा लागेल. तारीख गेली 2022 वर. मग कोविड, मग कोर्टकचेऱ्या, एका टप्प्यावर तर तारीख सांगणंच बंद झालं. चौकातले प्लायवूडचे आडोसे इतकी वर्षं उभे होते की पोरं शाळेत जायला लागली ती त्यांच्या कडेनं आणि कॉलेजला गेली तीही त्यांच्या कडेनं. गाडी धावली ती 2026 च्या फेब्रुवारीत.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती वरच्या फलाटावर आहे.

जुना फलाट एग्लिंटन रस्त्याच्या दक्षिणेला होता आणि नवी लाइन त्या रस्त्याच्या खाली. म्हणजे गाडी बदलायला लोक फलाटाच्या एकाच टोकाला जमणार आणि दुसरं टोक मोकळं. मग काय केलं, तर फलाट उत्तरेला वाढवला आणि गाडी थांबायची जागाच पुढे नेली. साधारण 24 मीटर, म्हणजे सबवेच्या एका डब्याएवढी.

(दृश्य: भिंतीवरच्या जुन्या काचेच्या टाइल्स, जवळून.)

ह्या टाइल्स 1954 च्या, व्हिट्रोलाइट काचेच्या. त्या पहिल्या लाइनीवर बाकी सगळीकडून गेल्या, इथे तेवढ्या राहिल्या. आज अशी काच कोणी बनवत नाही. ह्यातल्याच एका टाइलच्या कोपऱ्याला तडा होता, ती माझी खूण. दादरला पुलासमोर कुठला डबा येतो हे जसं आपल्याला झोपेतही सांगता येतं ना, तसं मला पाठ होतं की तडा गेलेल्या टाइलसमोर उभं राहिलं की उतरताना बरोब्बर जिन्यासमोर. जागा सरकली त्या सोमवारी मी सवयीनं तिथेच उभा. गाडी आली, माझ्यासमोरून पुढे गेली, आणि थांबली तेव्हा माझ्यासमोर नुसते रूळ. आम्ही सात-आठ जण होतो, सगळे जॅकेट सावरत पळालो, एक आजी सगळ्यांच्या पुढे.

आता मी कचऱ्याच्या डब्याशेजारी उभा राहतो. जिना अजून दोन दारं लांब पडतो.