उताऱ्यावरचे नाव

सोलापूरच्या उत्तर कसब्यातील हे पाच खणांचे माळवदी, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, घर आहे. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेतील सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, याच भागातून निघतात, आणि या घरातील तीन पिढ्यांनी ते याच माळवदावरून पाहिले आहेत. आज आमच्या कॅमेऱ्यासमोर ते माळवद टेपने मोजले जात आहे. टेपचे दुसरे टोक धरून उभे असलेले गृहस्थ घरांच्या खरेदी-विक्रीचे मध्यस्थ आहेत. लोक त्यांना समोर एजंट म्हणतात आणि पाठीमागे दलाल. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक आणायचे, घर दाखवायचे आणि टक्केवारी घ्यायची, एवढेच त्यांचे काम असा सर्रास समज आहे. या घराच्या खरेदीखतावर सह्या होण्याआधी अकरा महिने गेले, आणि त्यांतील पहिले सात महिने एकही पार्टी या दारात आलेली नव्हती.

भिंतीची जाडी अडीच फूट भरते. बाहेरून ऐसपैस वाटणारे घर आतून म्हणूनच कमी भरते, आणि ही गोष्ट खरेदीदाराने शोधून काढण्यापूर्वी विकणाऱ्याने सांगून टाकावी, असा मध्यस्थांचा आग्रह आहे. वर पाहिले तर सागवानी तुळया दिसतात. एकेक तूळ ते बोटाने वाजवून पाहतात, वाळवी कुठवर आली आहे ते वहीत टिपतात. घर पाडले जाणार हे ठरलेलेच आहे, पण पाडल्यावर हे लाकूड कोणाचे, हे साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारातच, लिहिलेले असावे लागते. जुन्या पेठांतील व्यवहार अशा न लिहिलेल्या ओळींवरूनच अडतात.

आता ही मिळकत पत्रिका, म्हणजे घराच्या मालकीचा उतारा, पाहा. तिच्यावर अजून आजोबांचेच नाव आहे, आणि आजोबा १९८७ साली वारले. त्यांचे दोन्ही मुलगे आज हयात नाहीत. सुना, नातवंडे आणि विजापूरला दिलेली आजोबांची मुलगी मिळून सात वारस होतात. त्या सातांची नावे लागल्याशिवाय खरेदीदाराला घर दाखवण्यात अर्थ नव्हता. मृत्यूचे दाखले, वारसांचे प्रतिज्ञापत्र, नगर भूमापन कार्यालयातील अर्ज, नोटिशीची मुदत आणि फेरफार, म्हणजे नावे बदलल्याची नोंद, हे सारे एकामागून एक करावे लागले, आणि वकिलांनी मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदी तपासून शोध अहवाल दिला तो त्यानंतर.

आत्याबाईंना लग्नात सगळे दिले आहे, त्यांची सही काय, मागितली की मिळेल, असे घरच्यांना वाटत होते. मध्यस्थांनी तसे होऊ दिले नाही. ते थोरल्या नातवाला घेऊन विजापूरला गेले आणि आत्याबाईंना त्यांच्या कानडीत समजावून सांगितले की, आजोबांनी मृत्युपत्र केलेले नसल्यामुळे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्या स्वकष्टार्जित घरात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. हक्कसोडपत्र करायचे की हिस्सा घ्यायचा हे त्यांनी ठरवायचे. आत्याबाईंनी हिस्सा घेतला. यातून मध्यस्थांची दलाली एका रुपयानेही वाढणार नव्हती.

किमतीच्या बाबतीत घरच्यांच्या मनात जुळे सोलापूर या शहराच्या नव्या वस्तीचा दर होता. मध्यस्थांनी त्याच गल्लीच्या आसपास झालेल्या तीन व्यवहारांच्या इंडेक्स दोनच्या, म्हणजे नोंदणीच्या गोषवाऱ्याच्या, प्रती त्यांच्यापुढे ठेवल्या. गल्लीत चारचाकी शिरत नाही, आणि किंमत तिथेच उतरते. मुद्रांक शुल्क मात्र रेडीरेकनरचे, म्हणजे सरकारी दरपत्रकाचे, मूल्य आणि ठरलेली किंमत यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते, हे खरेदीदाराला इसार देण्यापूर्वीच सांगितले गेले.

महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या प्रकल्पांत घरे विकणाऱ्या एजंटांना नोंदणी सक्तीची आहे आणि २०२३ पासून त्यांना प्रशिक्षण व परीक्षेची अटही आली. जुन्या पेठेतील अशा घराचा व्यवहार त्या चौकटीत येत नाही. इथे माणसाच्या शब्दावरच भिस्त असते, आणि किमतीच्या साधारणपणे एक ते दोन टक्के जे दिले जातात ते या शब्दाचे असतात, असे आम्हाला हे चित्रीकरण करताना वाटत राहिले.

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या बाकावर सातही वारस बसले आहेत. आत्याबाई मधोमध आहेत. खरेदीखत झाले, पैसे सात खात्यांत जमा झाले. घराच्या रस्त्याकडेच्या खोलीतील भाडेकरू शिंप्याने महिनाभरात जागा सोडली.

ही नवी पत्रिका. आजोबांचे नाव, त्याखाली सात वारसांची, त्याखाली खरेदीदार पती-पत्नींची. तिची प्रत पिशवीत घालून मध्यस्थ पुन्हा त्याच गल्लीत निघाले आहेत. समोरच्या वाड्याच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचे नाव आहे.