ठराव आणि पाणी

नमस्कार, श्रोतेहो. महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या आपल्यापैकी अनेकांनी उतरून पाहिल्या असतील. ज्या ठरावाच्या आधारे त्या पायऱ्यांवरचा हक्क मागता आला, तो मुंबई कायदे कौन्सिलात मांडणारे सदस्य होते रावबहादूर सीताराम केशव बोले, आणि आज त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

किनाऱ्यावर माडावर चढून माडी काढणाऱ्या भंडारी समाजातले बोले मुंबईच्या गिरणी कामगारांत वावरले आणि कामगार हितवर्धक सभेच्या संस्थापकांपैकी एक झाले. कौन्सिलात गेल्यावर कोकणातल्या खोतीविरुद्धही, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या जमीनदारी पद्धतीविरुद्धही, ते बोलत राहिले. मात्र ४ ऑगस्ट १९२३ चा त्यांचा ठराव अधिक दूरवर पोचला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्य वर्गाला खुले असावेत, अशी त्याची शिफारस होती. शिफारसच ती, हुकूम नव्हे. बोले यांनाही हे पुरते ठाऊक असावे, कारण १९२६ मध्ये त्यांनी पुन्हा उभे राहून, हा ठराव न पाळणाऱ्या नगरपालिकांचे आणि लोकल बोर्डांचे अनुदान थांबवावे, असे सुचवले. नुसते मन वळवून भागत नसेल तर तिजोरीच्या किल्लीला हात घालावा, ही त्यांची युक्ती मला त्यांच्या पहिल्या ठरावाइतकीच मोलाची वाटते.

महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे कागदावर नोंदवले, पण तळ्यावर मात्र अस्पृश्यांपैकी कोणी फिरकू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेतील लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी पंचगव्य मिसळलेल्या घागरी तळ्यात ओतून ते 'शुद्ध' केले, आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, तोही ४ ऑगस्टलाच, म्हणजे बोले यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे पुरी होत होती त्या दिवशी.

पुढे वाद कोर्टात गेला. तळे खाजगी आहे, असा सवर्णांचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळला तेव्हा १९३७ चा मार्च महिना उजाडला होता आणि कौन्सिलातल्या त्या ठरावाला साडेतेरा वर्षे उलटली होती.