शौचावर ताबा राहत नाही? डायपरच्या पुढेही उपाय आहेत

नमस्कार. आजचा त्रास असा आहे, जो लोक वर्षानुवर्षं डॉक्टरांपासूनही लपवतात. कळ येते आणि संडास गाठेपर्यंत कपडे खराब होतात. कुणाला तर कळही येत नाही, नंतर थेट डागच दिसतो. बाळंतपणात गुदद्वाराचा स्नायू फाटणं, मणक्याला मार, मधुमेहानं कमजोर झालेल्या नसा, अशी कितीतरी कारणं असतात. यात तुमचा काहीही दोष नाही.

उपकरण घेण्याआधी बद्धकोष्ठ नाही ना, हे तपासून घ्या. आत घट्ट खडा अडकला की त्याच्या कडेनं पातळ मळ झिरपतो. माणूस जुलाब समजून गोळी घेतो आणि खडा आणखी घट्ट होतो.

आता उपकरणं. सगळ्यात साधा म्हणजे गुदद्वारात बसवायचा मऊ फोमचा प्लग. आत गेल्यावर ओलाव्यानं तो फुलतो, दोरी बाहेर राहते. शौचाला जाताना दोरी ओढून काढायचा. खरं सांगायचं तर ज्यांची संवेदना शाबूत आहे, त्यातल्या बऱ्याच जणांना तो टोचतो. मणक्याच्या रुग्णांना जास्त सोसतो.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते गुदमार्गे पाणी सोडून आतडं धुणं. कमोडवर बसायचं, नळी आत सरकवायची, टोकाचा छोटा फुगा फुगवायचा म्हणजे पाणी परत येत नाही. मग शरीराइतकं कोमट पाणी, 36 ते 38 अंशांचं, पंपानं हळूहळू सोडायचं. फुगा सोडला की पाण्यासोबत मळ बाहेर पडतो. आतड्याचा खालचा भाग रिकामा झाला की पुढच्या वेळेपर्यंत गळायला फारसं काही उरतच नाही. बरेच जण हे एक दिवसाआड करतात. वेळ तुम्ही ठरवता, पोट नाही!

पण पहिल्यांदा प्रशिक्षित नर्ससमोरच करा. आतड्याचं नुकतंच ऑपरेशन झालं असेल, आतडं अरुंद किंवा सुजलेलं असेल, तर करू नका. आतडं फाटणं दुर्मिळ आहे, तरी पोटात जोरात दुखलं किंवा रक्त दिसलं तर लगेच थांबा आणि दवाखाना गाठा.

याही पलीकडे माकडहाडाच्या वरच्या नसांना सौम्य विद्युत संदेश देणारं यंत्र आहे. आधी काही दिवस तात्पुरती तार लावून बघतात. गळती निम्म्यानं तरी कमी झाली, तरच यंत्र कातडीखाली बसवतात.

डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराची नोंद न्या: किती वाजता, पातळ की घट्ट, कळ आली होती का. आणि "पोट बिघडतं" असं मोघम नको. "शौचावर ताबा राहत नाही" असं स्पष्ट सांगा.