मॅनलीची पुळण

[दृश्य: उजाडतंय. लाटांचा आवाज. किनाऱ्यावरच्या बाकावर एक जण, शेजारी सर्फिंगचा बोर्ड.]

जुलैतली सकाळ. सिडनीत हा ऐन हिवाळा. सात वाजलेत, सूर्य नुकताच पाण्यातून वर आलाय, आणि जमिनीकडून येणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्याने बोटं गारठलीत. पण एवढ्या लवकर उठायचं ते या वाऱ्यासाठीच. तो येणाऱ्या लाटेला समोरून थोपवतो, तिचा माथा लगेच कोसळू देत नाही. लाट ताठ आणि गुळगुळीत उभी राहते. उन्हाळ्यात दुपारी ईशान्येचा वारा सुटला की हेच पाणी पार विस्कटून जातं.

हा मॅनलीचा किनारा. सिडनी शहरातल्या ‘सर्क्युलर की’ या धक्क्यावरून फेरीबोटीत बसायचं, अर्ध्या तासाने बंदराच्या बाजूला उतरायचं, कोर्सो नावाच्या रस्त्याने चार-पाच मिनिटं चालायचं, की समोर पॅसिफिक. दक्षिणेकडून उत्तरेकडे साउथ स्टेन, नॉर्थ स्टेन, क्वीन्सक्लिफ, अशी सुमारे दीड किलोमीटर सलग वाळू. मागे नॉरफोक पाइनच्या उंच झाडांची रांग. मालवणकडे आम्ही अशा किनाऱ्याला पुळण म्हणतो.

[दृश्य: बाकावरचा सर्फर पाण्याकडे बघतोय. तो उठत नाही.]

हा माणूस नवशिका नाही. बोर्डवर उभं राहणं त्याला जमतं. फुटलेल्या लाटेच्या फेसावरून सरळ किनाऱ्याला येणं त्याने शेकडो वेळा केलंय. आता त्याला न फुटलेली, हिरवी लाट हवी आहे. तिच्या अंगावरून आडवं जायचं आहे. सर्फिंगमधली ही मधली पायरी सगळ्यात लांब. पुष्कळ जण इथेच थकून सोडून देतात, कारण इथून पुढे नुसत्या दंडातल्या ताकदीवर भागत नाही. पाणी वाचावं लागतं.

[दृश्य: वरून घेतलेलं चित्र. फेसाचे पांढरे पट्टे, मध्ये काळसर पाणी.]

खडकावर फुटणारी लाट वर्षानुवर्षं जवळपास त्याच जागी फुटते. वाळूचं तसं नाही. पाण्याखाली वाळूचे दांडे असतात आणि ते सरकत राहतात. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की लाट फुटते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट सव्वा मीटर पाण्यात. दांड्यावर पाणी उथळ, म्हणून लाट तिथे आधी मोडते. दांड्याशेजारच्या खोल घळीत ती मोडत नाही, नुसती फुगून पुढे जाते. आणि किनाऱ्यावर चढलेलं सगळं पाणी याच घळीतून परत समुद्रात ओढलं जातं. हाच रिप करंट.

पोहणाऱ्याचा जीव या ओढीत जाऊ शकतो. म्हणून पोहणाऱ्यांनी जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच राहायचं, आणि बोर्डवाल्यांनी त्या झेंड्यांच्या बाहेर. सर्फरला मात्र हीच ओढ आत जायची वाट देते. फेसाच्या भिंतींशी झुंजत जाण्यापेक्षा घळीच्या काळसर पाण्यातून हात मारत गेलं की निम्मे श्रम वाचतात. लाटांच्या मागे पोचल्यावर आडवं वळून दांड्याकडे यायचं. नको तिथे ओढ लागलीच, तर तिच्या उलट हात मारायचे नाहीत. बाजूला सरकायचं, आणि बोर्ड सोडायचा नाही.

सिडनीच्या आसपासचे किनारे पिंजून काढून डॉन राइट आणि अँड्र्यू शॉर्ट या दोन शास्त्रज्ञांनी १९८४ साली किनाऱ्यांची एक वर्गवारी मांडली. एका टोकाला सपाट, रुंद किनारे, दुसऱ्या टोकाला उभ्या उताराचे. त्यांच्या मधले, दांडे आणि घळी बाळगणारे, ते ‘मध्यम’ किनारे. मध्यम सर्फरला किनाराही मध्यमच मिळावा, हा योगायोग मला फार आवडतो.

[दृश्य: बाकावरचा सर्फर उठतो. पायात लीश, म्हणजे बोर्डला जोडलेली दोरी, बांधतो.]

पंधरा मिनिटं झाली. एवढ्या वेळात त्याने काय पाहिलं? दक्षिणेकडून येणारी लाट साउथ स्टेनच्या कोपऱ्यात पोचेपर्यंत मवाळ होते, कारण तिथे भूशिराचा आडोसा आहे. उत्तरेकडे, क्वीन्सक्लिफच्या बाजूला, तीच लाट पुऱ्या जोमाने येते. आज त्याने मधली जागा निवडली. भरती अर्ध्यावर आली आहे. इथला भरती-ओहोटीतला फरक एक-दीड मीटरचा, मुंबईच्या मानाने किरकोळ, तरी वाळूवर तेवढ्याने सगळं बदलतं. पूर्ण ओहोटीला लाट एका दमात आडवी कोसळते आणि माणसाला तळावर आपटते. ओली वाळू मऊ नसते. म्हणून पडताना अंग पसरून पडायचं, डोकं खाली करून उडी कधीच घ्यायची नाही. पूर्ण भरतीला उलट, लाट आळसावते, फुटतच नाही.

आमच्याकडे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी म्हातारी माणसं पुळणीवर उभी राहून पाण्याचा रंग बघतात आणि मासा कुठे आहे ते सांगतात. मॅनलीच्या बाकांवर भल्या सकाळी बसलेले म्हातारे सर्फर पाहिले की मला तीच माणसं आठवतात. डोळे बारीक, बोलणं कमी, नजर पाण्यावर.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.]

एके काळी इथे दिवसाउजेडी समुद्रात उतरायलाच बंदी होती. १९०२ मध्ये विल्यम गोचर या वृत्तपत्र संपादकाने आधी जाहीर करून, भर दिवसा मॅनलीच्या पाण्यात पाऊल टाकलं. पुढच्या वर्षी बंदी सैल झाली. डिसेंबर १९१४ मध्ये शेजारच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर हवाईचा जलतरणपटू ड्यूक काहानामोकू याने स्वतः घडवलेल्या लाकडी फळीवर उभं राहून दाखवलं. ती फळी आजही तिथल्या क्लबात जपून ठेवली आहे. १९६४ साली पहिली जागतिक सर्फिंग स्पर्धा याच मॅनलीत झाली. मिजेट फॅरेली आणि फिलिस ओडोनेल, दोघंही ऑस्ट्रेलियाचेच, विजेते ठरले.

[दृश्य: पाण्यातून. बोर्डवर बसलेले सात-आठ जण.]

इथे एक नियम सगळ्यांना ठाऊक असतो. लाट जिथे पहिल्यांदा मोडते, त्याच्या सगळ्यात जवळ जो, लाट त्याची. दुसऱ्याने मध्ये घुसायचं नाही.

पहिली लाट त्याने सोडली. दुसरीवर तो उशिरा उठला आणि ती त्याला घेऊनच कोसळली. तिसरी येताना त्याने किनाऱ्याकडे मान वळवून झाडांच्या रांगेशी आपली जागा पडताळली. दोन हात डावीकडे सरकला. मग जोरात चार हात मारले. उठताना नजर पायांकडे नाही, लाट जिकडे मोकळी आहे तिकडे.

[दृश्य: लाट. निवेदन थांबतं. फक्त पाण्याचा आवाज.]

सहा-सात सेकंद. मग लाट घळीवर पोचली आणि विरून गेली. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा आहे, पायाने तळ चाचपतोय. दांडा काल होता त्याच्या थोडा उत्तरेला सरकलाय.

तो बोर्डवर पालथा झाला आणि घळीच्या दिशेने निघाला.